जुन्या गाडीतील कंपनीची चोरीप्रतिबंधक यंत्रणा बिघडली असता तपास कसा करावा

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाला धरून आहे ते स्पष्ट राहील. गाडी साधारण वीस वर्षे जुनी आहे आणि तिच्यातली चोरीप्रतिबंधक यंत्रणा कंपनीनेच बसवलेली आहे, नंतर बाहेरून लावलेली नाही. गेले काही महिने अधूनमधून असे होते की सेल्फ व्यवस्थित लागतो, इंजिन क्षणभर चालू होते आणि लगेच बंद पडते. अशा वेळी मीटरमधला किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकत असतो. थोडा वेळ थांबले की गाडी काहीच झाले नसल्यासारखी सुरू होते. शिवाय उभ्या गाडीचा अलार्म कधीकधी विनाकारण वाजतो. एका मेकॅनिकने इंजिनाचा कॉम्प्युटर बदलायला सांगितला, दुसऱ्याने सगळी यंत्रणा बायपास करून देण्याची (म्हणजे तिची तपासणी कायमची टाळण्याची) तयारी दाखवली, आणि या दोहोंपैकी काय करावे असे तुम्ही विचारले आहे.

तूर्त दोन्हीही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या गाड्यांच्या वायरिंगचे काम करताना मी सातत्याने पाहत आलो आहे की या यंत्रणेतला बिघाड बहुतेक वेळा जिथे काही हलते, झिजते किंवा ओले होते तिथे असतो. किल्ली, ती जिथे फिरते त्या इग्निशनच्या कुलपाचा गाभा, कुलपाभोवतीची कॉइल (तारेचे वेटोळे), स्टीअरिंगखालून जाणाऱ्या बारीक वायरी, दरवाजांचे आणि बॉनेटचे स्विच, आणि या सगळ्यांना वीज पुरवणारी बॅटरी, ही ती ठिकाणे. कॉम्प्युटर बंद डब्यात न हलता बसलेला असतो; तोही बिघडतो, पण क्वचित, आणि बहुधा पाणी शिरल्यामुळे. तरीही पहिला संशय त्याच्यावरच जातो, कारण शोध घेण्यापेक्षा भाग बदलून पाहणे सोपे वाटते. चोरीप्रतिबंधक यंत्रणेच्या बाबतीत ही घाई फार महागात पडते, कारण इथले भाग एकमेकांची ओळख पटवूनच काम करतात. दुसऱ्या गाडीतून काढलेला कॉम्प्युटर जोडला की मूळ बिघाडावर ओळख न जुळण्याचा आणखी एक बिघाड चढतो, आणि खरे कारण शोधणे अधिकच अवघड होऊन बसते.

तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि त्या एकाच दोषातून आल्या आहेत असे सुरुवातीलाच गृहीत धरू नका. इमोबिलायझर हा भाग फक्त किल्ली खरी आहे की नाही हे तपासतो आणि ती खरी वाटली नाही तर इंजिन चालू देत नाही. दार उघडे आहे की बंद याच्याशी त्याचा सहसा संबंध नसतो. अलार्मचा भाग दारे, बॉनेट, डिकी, काचा आणि गाडीच्या आतील हालचाल यांच्यावर लक्ष ठेवतो आणि गडबड वाटली की आवाज करतो. काही गाड्यांत हे दोन्ही भाग एकाच मॉड्यूलमध्ये, म्हणजे एकाच इलेक्ट्रॉनिक नियंत्रण डब्यात, असतात, काहींत ते पूर्णपणे वेगळे असतात. वीस वर्षांच्या गाडीत दोन स्वतंत्र दोष एकाच काळात उद्भवणे अजिबात नवलाचे नाही. मात्र दोन्ही भागांना एकाच वेळी त्रास देणारी एक गोष्ट आहे आणि ती म्हणजे अशक्त बॅटरी किंवा खराब अर्थिंग (बॅटरीचे ऋण टोक इंजिनाला आणि सांगाड्याला जोडणारी जोडणी). म्हणून तपास तिथूनच सुरू करायचा.

त्याआधी आपल्या गाडीत कोणत्या पिढीची यंत्रणा आहे हे ठरवावे लागते, कारण एका पिढीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. कंपनीच्या विद्युत इमोबिलायझरच्या सुरुवातीच्या प्रसिद्ध उदाहरणांपैकी एक म्हणजे जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेटमध्ये दिलेली यंत्रणा. तिच्या किल्लीच्या पात्यात एक लहानसा काळा रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक रोध करणारा भाग, दिसतो. रोधाचे असे १५ वेगवेगळे आकडे होते, सर्वांत कमी ४०२ ओहम आणि सर्वांत जास्त ११,८०० ओहम. किल्लीचा रोध मॉड्यूलला अपेक्षित असलेल्या आकड्याशी जुळला तरच सेल्फ लागतो. त्याच कंपनीच्या पुढच्या एका प्रकारात किल्ली साधीच ठेवून कुलपाच्या गाभ्याजवळ चुंबकीय सेन्सर बसवला गेला, म्हणजे ओळख किल्लीची होत नाही, योग्य किल्लीने गाभा फिरला की नाही याची होते. तिसरा आणि आज सर्वाधिक आढळणारा प्रकार किल्लीच्या प्लास्टिकच्या डोक्यात लपवलेल्या चिपचा आहे. युरोपीय समुदायाच्या १९९५ च्या निर्देशानुसार ऑक्टोबर १९९८ पासून तिथल्या नव्या प्रवासी गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला, आणि त्यानंतर हा चिपचा प्रकार सगळीकडे रूढ झाला.

या चिपमध्ये बॅटरी नसते. कुलपाच्या तोंडाभोवती तांब्याच्या बारीक तारेची एक कॉइल असते. किल्ली चालू स्थितीत फिरवली की ही कॉइल साधारण १२५ किंवा १३४.२ किलोहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र तयार करते, त्या क्षेत्रातूनच चिपला ऊर्जा मिळते आणि ती आपला संकेत परत पाठवते. मॉड्यूल तो संकेत तपासून इंजिनाच्या कॉम्प्युटरला परवानगी कळवते. हे सगळे एका सेकंदाच्या आत घडते आणि त्याचा पल्ला जेमतेम काही सेंटिमीटरचा असतो. म्हणूनच रिमोटच्या बटनासाठी लागणारा छोटा गोल सेल संपला तरी अशा गाडीचे इंजिन चालू व्हायला अडचण येत नाही. रिमोट आणि चिप एकाच किल्लीत राहत असले तरी त्यांची कामे वेगळी आहेत. सेल बदलूनही गाडी सुरू होत नाही अशी तक्रार घेऊन लोक येतात, तेव्हा हा फरक समजावून सांगावा लागतो.

तुमची गाडी क्षणभर चालू होऊन बंद पडते आणि किल्लीचा दिवा लुकलुकतो, हे लक्षण चिपच्या प्रकाराशी चांगले जुळते. फोक्सवॅगन समूहाच्या त्या काळातल्या अनेक गाड्या नेमक्या याच रीतीने वागतात: इंजिन सुरू होऊ दिले जाते आणि ओळख न पटल्यास एक-दोन सेकंदांत इंधन तोडले जाते. इतर काही गाड्यांत सेल्फ फिरत राहतो पण इंजिन पकडत नाही, आणि रेझिस्टरच्या जुन्या प्रकारात तर सेल्फच लागत नाही. त्यामुळे गाडी सुरू होत नाही एवढे सांगून भागत नाही, ती नेमकी कोणत्या टप्प्यावर अडते हे सांगावे लागते.

दिव्याची भाषा गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते, ती आधी वाचा. बहुतेक गाड्यांत किल्ली चालू केली की तो दिवा काही सेकंद पेटून विझतो आणि हे सर्व ठीक असल्याचे चिन्ह असते. किल्ली चालू असताना तो भराभर लुकलुकत राहिला तर ओळख पटलेली नाही. गाडी कुलूपबंद करून उभी असताना संथपणे होणारी उघडझाप मात्र बहुतेक गाड्यांत केवळ चोराला इशारा देण्यासाठी असते. ती दोष समजून अनेक जण विनाकारण गॅरेज गाठतात. याच्या उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: गाडी बंद पडली त्या वेळी दिवा नेहमीप्रमाणे पेटून विझला असेल, तर इमोबिलायझर बहुधा निर्दोष आहे आणि शोध दुसरीकडे न्यायला हवा. इंजिन तापल्यावर काम सोडणारा क्रँक सेन्सर (इंजिनाचे फिरणे टिपणारा), सोल्डरचा डाग तडकलेला फ्युएल पंपाचा रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच) आणि झिजलेला इग्निशन स्विच हे तिघेही थोडा वेळ थांबल्यावर सुरू होणे हे लक्षण हुबेहूब दाखवतात, आणि त्यांच्या दोषाचे खापर वारंवार चोरीप्रतिबंधक यंत्रणेवर फुटते.

दिव्याच्या साक्षीला स्कॅनरची, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या उपकरणाची, जोड द्या. साधा स्वस्त स्कॅनर फक्त इंजिनाच्या कॉम्प्युटरशी बोलतो, तरीही तिथे नोंदलेला कोड उपयोगी पडतो. पी ०५१३ हा किल्ली चुकीची असल्याचा सर्वसाधारण कोड आहे. फोर्डमध्ये पी १२६०, फोक्सवॅगन समूहात पी १५७० आणि जनरल मोटर्समध्ये पी १६२६ हे कोड चोरीप्रतिबंधक यंत्रणेने इंजिन रोखल्याचे किंवा तिची परवानगी न मिळाल्याचे सांगतात. इमोबिलायझरच्या मॉड्यूलमध्ये थेट पाहू शकणारा स्कॅनर मिळाला तर त्याहून चांगले, कारण तिथे किल्लीचा संकेतच आला नाही, संकेत आला पण किल्ली नोंदवलेली नाही, की किल्ली ओळखली पण इंजिनाच्या कॉम्प्युटरशी बोलणे झाले नाही, हे वेगवेगळे दिसते. या तीन उत्तरांवरून पुढची वाट पूर्णपणे बदलते. कोड पुसण्याआधी लिहून ठेवा, आणि शक्य असेल तर गाडी अडलेली असतानाच वाचा.

आता बॅटरी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, काहीही चालू न करता मल्टिमीटरने मोजा. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्म्यावर आलेली, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. त्याहून महत्त्वाचे मोजमाप सेल्फ मारतानाचे आहे. साधारण हवामानात त्या वेळी व्होल्टेज ९.६ च्या खाली गेले, तर इंजिन कसेबसे फिरेल, पण नेमक्या त्याच क्षणी किल्ली ओळखू पाहणारे मॉड्यूल गोंधळून नव्याने सुरू होऊ शकते. दिवा लुकलुकतो, सगळे चोरीप्रतिबंधक यंत्रणेला दोष देतात आणि दोषी असते म्हातारी झालेली बॅटरी. इंजिन चालू असताना अल्टरनेटरचे चार्जिंग साधारण १३.८ ते १४.७ व्होल्ट असावे. मग सेल्फ मारत असताना बॅटरीचे ऋण टर्मिनल आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामधला फरक मोजा, आणि तसाच ऋण टर्मिनल आणि गाडीचा सांगाडा यांच्यामधलाही. तो ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत असावा. त्याहून बराच जास्त आला तर अर्थिंगची पट्टी काढून, गंज घासून, पुन्हा घट्ट बसवा. हे काम फारसे कौशल्य मागत नाही आणि यातून सुटलेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

बॅटरी काही वेळ काढून ठेवली की यंत्रणा आपोआप पूर्ववत होते, हा समज बहुतांशी चुकीचा आहे. किल्ल्यांची ओळख वीज गेली तरी न पुसली जाणाऱ्या मेमरीत साठवलेली असते. बॅटरी काढल्याने काही वेळा गाडी सुरू होते ती टर्मिनल हलल्यामुळे किंवा अडकलेले मॉड्यूल नव्याने सुरू झाल्यामुळे. मूळ दोष जागेवरच राहतो. उलट रेडिओचा कोड हाताशी नसेल तर नवी अडचण उभी राहते.

बॅटरी आणि अर्थिंग ठीक निघाले की किल्लीकडे वळा. पहिली परीक्षा दुसऱ्या मूळ किल्लीची. गाडी अडली असताना दुसऱ्या किल्लीने ती लगेच आणि प्रत्येक वेळी सुरू होत असेल, तर दोष पहिल्या किल्लीत आहे. अनेक किल्ल्यांतली चिप काचेच्या बारीक नळीत बसवलेली असते आणि किल्ली कठीण जमिनीवर पडली की तिला न दिसणारी चीर जाते. किल्लीचे कवच नवे बसवताना चिप जुन्या कवचातच राहून जाणे किंवा आत सैल फिरत राहणे हेही नेहमी घडते. किल्लीच्या जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिप असलेली किल्ली असेल तर ती काढून परीक्षा घ्या, कारण दोन चिपा कॉइलजवळ एकाच वेळी आल्या की संकेत एकमेकांत मिसळतात.

दोन्ही किल्ल्यांनी सारखाच त्रास होत असेल, तर कॉइल, तिचा कपलर (वायरींचा जोड) आणि मॉड्यूलपर्यंतची वायर यांच्यावर संशय घ्यावा. कुलपाभोवतीचे प्लास्टिकचे आवरण काढण्यापूर्वी बॅटरीची वायर सोडवा आणि मॅन्युअलमध्ये सांगितला असेल तितका वेळ थांबा, कारण त्याच भागातून एअरबॅगची वायरिंग जाते. एअरबॅगचे कपलर बहुधा पिवळे असतात. त्यांना मल्टिमीटरची टोके कोणत्याही कारणाने लावू नयेत. कॉइलचे दोन टोकांतले सातत्य, म्हणजे तार अखंड आहे का, हे मल्टिमीटरने तपासा, आणि तपासताना तिची वायर हलक्या हाताने वाकवून पाहा. वाचन स्थिर राहिले तर बरे; ते तुटक होत असेल तर दोष सापडला. कपलरच्या पिना हिरव्या पडल्या असतील तर संपर्क साफ करणाऱ्या फवाऱ्याने स्वच्छ करा आणि सैल झालेल्या पिना नीट घट्ट करा. कॉइल हा भाग बहुतेक गाड्यांत स्वतंत्रपणे मिळतो आणि तो बदलल्यावर पुन्हा ओळख करून देण्याची गरज सहसा पडत नाही, कारण ओळख मॉड्यूलमध्ये असते. काही गाड्यांत मात्र कॉइल आणि मॉड्यूल एकाच तुकड्यात येतात, तिथे हे लागू होत नाही.

थोडा वेळ थांबल्यावर गाडी सुरू होते असे तुम्ही लिहिले आहे; या थोड्या वेळाकडे मी सर्वांत जास्त लक्ष देईन. प्रत्येक वेळी गाडी अडली की वेळ, हवा गरम की थंड, पाऊस होता का, इंजिन तापलेले होते का, टाकी भरली होती का, कोणती किल्ली वापरली आणि सुरू व्हायला किती थांबावे लागले, हे एका वहीत लिहा. थांबण्याचा काळ दर वेळी जवळपास सारखाच, काही मिनिटांचा येत असेल तर मॉड्यूलमधला कालबंध, म्हणजे ठरावीक वेळ गाडी अडवून धरण्याची सोय, काम करत आहे. रेझिस्टरच्या आणि चुंबकीय सेन्सरच्या यंत्रणांत चुकीची किल्ली वाटल्यावर असे काही मिनिटांचे कुलूप लागते. थांबण्याचा काळ तापमानाप्रमाणे बदलत असेल, दुपारी जास्त आणि पहाटे कमी, तर गरम झाल्यावर तुटणारा सोल्डरचा एखादा डाग, कॉइल किंवा क्रँक सेन्सर दोषी आहे. थांबण्याशी संबंध नसून किल्ली थोडी हलवल्यावर, स्टीअरिंग फिरवल्यावर किंवा ते वरखाली केल्यावर गाडी सुरू होत असेल, तर वायर आतून तुटलेली आहे. पावसाळी किंवा दमट दिवसांशीच मेळ बसत असेल तर मॉड्यूलजवळ पाणी पोहोचते आहे. काही आठवड्यांची अशी प्रामाणिक नोंद मेकॅनिकच्या हाती दिली, तर त्याचे अर्धे काम झालेले असते, आणि बिघाड समोर नसताना अंदाजाने भाग बदलण्याची पाळी त्याच्यावर येत नाही.

तुमची गाडी रेझिस्टरच्या जुन्या प्रकारातली निघाली, तर तपास आणखी सोपा आहे. किल्लीवरच्या रेझिस्टरचा रोध मल्टिमीटरने मोजा. मग किल्ली कुलपात घालून स्टीअरिंगच्या बुंध्याशी असलेल्या कुलपाच्या कपलरवर तोच रोध येतो का पाहा, आणि किल्ली हळूहळू पुढेमागे फिरवत राहा. दोन आकडे जुळले आणि स्थिर राहिले पाहिजेत. कुलपाबरोबर वर्षानुवर्षे पिळ खाणाऱ्या केसासारख्या दोन वायरी इथे हमखास तुटतात, आणि कुलपाचा गाभा वायरींसकट बदलणे हाच टिकाऊ उपाय आहे. चुंबकीय सेन्सरच्या प्रकारात ओळख पुन्हा शिकवण्याची एक ठरलेली पद्धत आहे: किल्ली चालू करून, इंजिन न पकडल्यावर ती तशीच चालू स्थितीत ठेवायची, साधारण १० मिनिटांनी सुरक्षेचा दिवा विझेपर्यंत थांबायचे, मग किल्ली बंद करून काही सेकंदांनी तेच आणखी दोनदा करायचे. या अर्ध्या तासात बॅटरी भरलेली असणे आवश्यक आहे. याने गाडी सुरू होते, पण सेन्सर झिजलेला असेल तर तो पुन्हा वेगळाच आकडा देईल आणि तुम्ही पुन्हा तिथेच येऊन थांबाल. दुसऱ्यांदा ही पद्धत वापरावी लागली की कुलपाचा तो भाग बदलायला घ्यावा.

अलार्मचे कारण बहुधा साधे असते. बॉनेटखालचा दाबस्विच धूळ, चिखल आणि पाणी यांच्या तोंडावर असतो. त्याचे रबर सडते, आत गंज धरतो आणि बॉनेट बंद असतानाही तो उघडे असल्याचा संकेत देतो. दरवाजाच्या कुलपातला बारीक स्विचही असाच दगा देतो, आणि गाडी चालताना दार उघडे असल्याचा दिवा क्षणभर चमकणे किंवा आतला दिवा विझायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागणे ही त्याची आधीची चाहूल असते. अनेक अलार्म मॉड्यूल शेवटच्या वेळी कशामुळे वाजले हे लक्षात ठेवतात आणि स्कॅनरवर ते वाचता येते. तसे नसेल तर स्कॅनरवर त्या क्षणी दिसणाऱ्या थेट माहितीत प्रत्येक दार आणि बॉनेट उघडझाप करून स्थिती बदलते का ते पाहा. गाडीत आतली हालचाल टिपणारे अल्ट्रासॉनिक सेन्सर असतील, तर किंचित उघडी राहिलेली काच, आरशाला टांगलेली वस्तू किंवा आत शिरलेला किडाही पुरेसा ठरतो. पण हे कारण काचा नीट बंद करून दोन-चार रात्री पाहिले की लगेच कळते.

ज्या सायरनच्या आत स्वतःची छोटी बॅटरी असते, त्याची गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. चोराने मुख्य बॅटरी तोडली तरी आवाज व्हावा म्हणून ती सोय असते, परंतु दहा-पंधरा वर्षांनी ही आतली बॅटरी गळू लागते, तिचे रसायन सर्किटवर पसरते आणि सायरन मध्यरात्री स्वतःहून वाजू लागतो. रिमोटने तो गप्प बसत नसेल आणि कोणताही स्विच दोषी आढळत नसेल, तर सायरन काढून उघडून पाहावा. काढण्याची रीत गाडीप्रमाणे वेगळी असते. काही गाड्यांत किल्ली चालू करून बंद केल्यावर ठरावीक सेकंदांच्या आत मुख्य बॅटरी काढावी लागते, नाहीतर त्याला ती चोरी वाटते. अशा सायरनचे वाजणे आणि गाडी सुरू न होणे यांचा थेट संबंध सहसा नसतो, पण रात्रभर वाजणाऱ्या सायरनने आणि जाग्या राहिलेल्या मॉड्यूलने बॅटरी उतरते, आणि सकाळी इमोबिलायझरची तक्रार जन्माला येते. गाडी कुलूपबंद करून सगळी मॉड्यूल झोपेपर्यंत, म्हणजे कधीकधी अर्ध्या तासाहूनही जास्त वेळ थांबून बॅटरीतून वाहणारा प्रवाह मोजा. तो ५० मिलीअँपिअरच्या खाली असायला हवा. तुमच्या दोन तक्रारींना जोडणारा धागा असेल तर तो इथे असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते.

हे सर्व निर्दोष ठरल्यावरच मॉड्यूलकडे जावे. आधी त्याची वीज, अर्थ आणि कपलर तपासा, मग ते उघडून पाण्याच्या खुणा, गंजलेल्या पिना आणि तडकलेले डाग शोधा. पुढच्या काचेखालचे पाणी वाहून नेणारे छिद्र पाल्याने बुजले की पाणी डॅशबोर्डच्या मागे उतरते. मॉड्यूल दुरुस्त करून ते छिद्र तसेच ठेवले तर पुढच्या पावसात तीच दुरुस्ती पुन्हा करावी लागेल. जाणकार माणूस डाग नव्याने लावून जुने मॉड्यूल वाचवू शकतो, आणि मेमरीतली माहिती शाबूत राहिल्याने किल्ल्यांना हात लावावा लागत नाही. काम सुरू करण्याआधी त्या मेमरीची प्रत काढून घ्यायला मात्र आवर्जून सांगा. मॉड्यूल खरोखर गेलेच असेल आणि जुने वापरलेले बसवायचे असेल, तर इंजिनाचा कॉम्प्युटर, इमोबिलायझर आणि किल्लीची चिप हा पूर्ण संच एकाच गाडीतला घ्यावा, किंवा ही ओळख जुळवण्याची साधने आणि अधिकार असलेल्या माणसाकडेच काम द्यावे. काही गाड्यांत इमोबिलायझर मीटरच्या आतच असतो, त्यामुळे मीटर बदलणाऱ्यालाही हे आधी माहीत असले पाहिजे.

बायपासबद्दल माझे मत कठोर आहे, आणि त्याला कारण आहे. चिपच्या गाड्यांत प्रचलित असलेला सोपा बायपास म्हणजे एक खरी चिप कॉइलजवळ कायमची लपवून ठेवणे. याचा अर्थ पाते घासून बनवलेली कोणतीही किल्ली त्या गाडीला चालते. रेझिस्टरच्या प्रकारात कायमचा रेझिस्टर जोडला की तेच होते. वीस वर्षांपूर्वीच्या गाडीचे यांत्रिक कुलूप आधीच झिजलेले असते, आणि या यंत्रणेखेरीज तिला फारसे संरक्षण उरलेले नसते. विमा घेताना यंत्रणा चालू असल्याचे गृहीत धरलेले असू शकते, आणि जिथे ती कायद्याने सक्तीची आहे तिथे ती निकामी करणे नियमात बसेलच असे नाही. सुटे भाग खरोखरच कुठे मिळत नाहीत आणि मॉड्यूल दुरुस्तीपलीकडे गेले आहे, अशा एखाद्या गाडीत इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली तपासणी बंद करण्याला मी विरोध करणार नाही. पण मालकीची कागदपत्रे दाखवून, लेखी नोंद ठेवून, विमा कंपनीला कळवून आणि त्याजागी वेगळे विश्वासार्ह कुलूप किंवा इमोबिलायझर बसवूनच. तुमच्या लक्षणांवरून तुम्ही त्या टप्प्याच्या आसपासही नाही.

किल्ल्यांचा प्रश्न मात्र आजच हाती घ्या, दोष सापडण्याची वाट पाहू नका. तुमच्याकडे चालणारी एकच किल्ली उरली असेल तर ती चालते आहे तोवरच दुसरी नोंदवून घ्या. काही गाड्यांत मालकाला स्वतः नवी किल्ली नोंदवण्यासाठी आधीच्या दोन नोंदवलेल्या किल्ल्या लागतात; काही जुन्या युरोपीय आणि जपानी गाड्यांना वेगळ्या रंगाची मास्टर किल्ली मिळत असे आणि तिच्याशिवाय नव्या किल्लीची नोंद होत नाही; काहींत गाडीबरोबर आलेल्या कार्डावरचा गुप्त आकडा लागतो. जुन्या मालकाकडे अशी किल्ली किंवा कार्ड पडून आहे का, हे विचारून पाहा. पुष्कळ गाड्यांत नोंदणी करताना समोर नसलेल्या किल्ल्या मेमरीतून पुसल्या जातात, म्हणून नोंदणीला जाताना सगळ्या किल्ल्या बरोबर न्या, आणि हरवलेली एखादी किल्ली असेल तर ती पुसली गेल्याची खात्री त्याच वेळी करून घ्या. गुप्त आकडा वारंवार चुकीचा टाकला की मॉड्यूल काही काळ कोणतेही उत्तर देत नाही; तसे झाल्यास मॅन्युअलप्रमाणे किल्ली चालू ठेवून तो काळ संपू द्यावा लागतो. काम झाल्यावर प्रत्येक किल्लीने इंजिन सुरू करून किमान मिनिटभर चालू ठेवून पाहा, रिमोटची बटने स्वतंत्रपणे तपासा, आणि गाडी ताब्यात घेण्याआधी नोंदलेल्या किल्ल्यांची संख्या स्कॅनरवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.